श्रवण आणि श्रद्धा : मराठी ख्रिस्ती परंपरेतील उच्चारित शब्द

ख्रिस्ती धर्म हा ग्रंथाचा धर्म होय, असे सामान्यतः समजले जाते. मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर बायबल घरोघर पोहोचले आणि छापील पवित्र ग्रंथ हेच या धर्माचे मुख्य लक्षण मानले जाऊ लागले. परंतु त्या ग्रंथाच्या अंतरंगात शिरले की लेखनाच्या आधी वाणीचा अधिकार तेथे मानलेला आढळतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टी साकार होते ती ईश्वराच्या उच्चाराने. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभच शब्दाच्या अनादित्वाने होतो. याकोबाच्या पत्रात जिभेच्या ठिकाणी आशीर्वाद आणि शाप अशा दोन्ही शक्ती सांगितल्या आहेत. येशूने स्वतः कोणताही ग्रंथ लिहून ठेवला नाही. तो बोलला, आणि ऐकणाऱ्यांनी ते स्मरणात ठेवले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तर श्रद्धेचा उगमच श्रवणात दाखविला आहे.

तथापि उच्चारित शब्दाचे सामर्थ्य एकाच प्रकारचे असते असे नाही. भारतीय परंपरेत मंत्र आणि कथा यांमध्ये जो भेद आहे, तो येथेही उपयोगी पडतो. मंत्राचे सामर्थ्य त्याच्या यथाविधि उच्चारात असते. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळला नाही म्हणून मंत्र निष्फळ होत नाही. कथेचे सामर्थ्य मात्र श्रोत्याच्या अंतःकरणात ती उतरण्यावर अवलंबून असते. सोळाव्या शतकातील कॅथलिक उपासनेत पहिल्या प्रकाराला मध्यवर्ती स्थान होते. वेदीवर धर्मगुरूने लॅटिनमध्ये उच्चारलेल्या वचनांनी भाकरी आणि द्राक्षारस यांचे पवित्रीकरण होते, ही श्रद्धा होती. आणि उपासना केवळ लोकभाषेतच झाली पाहिजे, हे मत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये अमान्य ठरविले होते. अशा स्थितीत ज्याला लॅटिन येत नाही आणि ज्याच्या कानावरची पूर्वीची कथाही काढून घेतली आहे, त्याच्या धार्मिक जीवनाचे काय, हा प्रश्न युरोपपेक्षाही तीव्रपणे गोमंतकात उभा राहिला. परक्या भाषेतून आलेला शब्द कोणत्या अटीवर आपला होतो, हाच त्या प्रश्नाचा गाभा होता. मराठी ख्रिस्ती परंपरेने तीनशे वर्षांच्या अवधीत त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच्या आगेमागे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, हिंदू धर्मग्रंथ जप्त केले आणि सार्वजनिक पुराणश्रवणाला प्रतिबंध केला. या कृत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्यांमागील एक जाणीव ध्यानात घेण्याजोगी आहे. पुराण सांगणे आणि ऐकणे यांनी माणसाचे मन घडते, हे सत्ताधाऱ्यांना पुरते उमगले होते. एरव्ही त्यांनी मूर्तींबरोबर पोथ्यांचाही पाठलाग केला नसता. बंदी हीही शब्दशक्तीची एक प्रकारची कबुलीच असते. या पोथ्यांचा अभ्यासही चालू होता. रामायण-महाभारतातील कथा स्थानिक भाषेत आणि रोमन लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात उपलब्ध झाली आहेत. जो शब्द लोकांपासून दूर करायचा, तोच मिशनऱ्यांना आपल्या टेबलावर ठेवून शिकावा लागत होता.

या वातावरणात २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य त्याने मुख्यतः साष्टी प्रांतात घालविले. हा प्रांत शांत नव्हता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे देवळांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना पोर्तुगीजांनी कपटाने मारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीफन्सने आपल्या भावाला जे पत्र लिहिले, त्यात या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण आहे. रक्तपाताच्या शेजारी बसून भाषेच्या घडणीचा असा आदरपूर्वक विचार करणे, यातच स्टीफन्सच्या पुढील कार्याचे बीज दिसते.

‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्याची निर्मिती कशी झाली याची हकीगत ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीपुढे गाऱ्हाणे मांडतो. जुनी पुराणे आमच्याकडून काढून घेतली, धर्मशिक्षण मिळते, पण मन रमेल असे वाचायला-ऐकायला त्यांच्या जागी काहीच दिलेले नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ही तक्रार नीट ऐकली तर तिच्यात एक अचूक टीका आहे. मुलांना पाठ करून घेतलेली प्रश्नोत्तरे हा धर्माचा सांगाडा झाला. संध्याकाळी चारचौघांत बसून ऐकावी अशी कथा नसेल, तर त्या सांगाड्यात प्राण येत नाही. विशेष हे की प्रश्नोत्तरांचे पुस्तकही स्टीफन्सनेच सिद्ध केले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोललाच छापले गेले. त्याने श्रोत्याची तक्रार खरी मानली आणि सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे.

भाषेची निवड या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्याने कोकणीत लिहिले, कारण ती साष्टीतील घरांत बोलली जाणारी भाषा होती. पुराणासाठी त्याने मराठी घेतली, कारण गोमंतकातही पुराण ऐकण्याची सवय कानाला मराठीतच होती. परंतु शुद्ध मराठी सर्वसामान्यांना पूर्ण उमजत नाही हे ओळखून त्याने तिच्यात परिचित कोकणी शब्दांची सरमिसळ केली आणि तसे सांगितलेही. विद्वानांचा मान आणि श्रोत्यांची समज यांत त्याने श्रोत्यांची बाजू घेतली. मराठीच्या गौरवाच्या त्याच्या ओव्या आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. पण मराठीवरचे त्याचे खरे प्रेम त्या स्तुतीपेक्षा या सरमिसळीत अधिक दिसते.

ओवी निवडण्यातही हेच तत्त्व होते. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला आणि एकनाथांनी स्टीफन्सच्याच काळात घरोघर पोहोचविलेला हा छंद पोथी लावणाऱ्याच्या गळ्यासाठी घडलेला आहे. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या चरणावरचा विसावा यांमुळे ऐकणारा पुढच्या ओवीची वाट पाहू लागतो. ख्रिस्ताची कथा या लयीत आली तेव्हा श्रोत्याला नवे शिकावे लागले ते केवळ कथानक. ऐकण्याची रीत त्याच्याजवळ होतीच. स्वर्गासाठी वैकुंठ यांसारखा शब्द स्टीफन्सने निःशंकपणे वापरला. त्या शब्दाभोवती पिढ्यान्पिढ्यांच्या भक्तीचा जो गंध होता, तो त्याला अडचण वाटला नाही.

या पुराणाच्या लिपीची कथाही उद्बोधक आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजी रोमला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने स्थानिक लिपीत पुस्तक छापण्याची आपली इच्छा व्यक्त केली. रोमन लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, येथे जोडाक्षरांसह सुमारे ६०० साचे लागतात, मात्र ती संख्या कमी करता येईल, असे त्याचे म्हणणे होते. ती इच्छा पुरी झाली नाही आणि पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. पोर्तुगीज वर्णव्यवस्थेत बसविलेली मराठी डोळ्यांना अनोळखी दिसते. तीच मोठ्याने वाचली की क्षणार्धात ओळखीची होते. याचा परिणाम असा झाला की हा ग्रंथ कागदावर अपुरा राहिला आणि उच्चारात पूर्ण झाला. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत मार्सडन संग्रहातील देवनागरी प्रत आहे. तिच्यात रोमन प्रतींपेक्षा संस्कृत शब्दांचे प्रमाण अधिक आहे, आणि मूळ पाठ कोणता यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. पण त्या वादाने एक गोष्ट बदलत नाही. शतकानुशतके हे पुराण लोकांजवळ राहिले ते मुख्यतः कानांच्या वाटेने.

रविवारी आणि सणांच्या दिवशी, विशेषतः उपवासकाळात, चर्चमध्ये आणि घरांत ते गायिले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. एटिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या जीवनावर रचलेले मराठी पुराण १६२९ पासून छापले गेले. उत्तरेकडे वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजात फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश याच्या १६५९ मध्ये छापलेल्या पुराणाने ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा उपवासकाळातल्या गायनासाठी दिली. मात्र लवकरच राज्यकर्त्यांचे धोरण पालटले. २७ जून १६८४ च्या हुकुमाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी असे फर्मावण्यात आले. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने स्थानिक चालीरीतींवर जी बंदी घातली, तीत लग्नात गायिल्या जाणाऱ्या ओव्याही होत्या. ज्या छंदात ख्रिस्तकथा सांगितली गेली, तोच छंद ख्रिस्ती घरातील लग्नमांडवात निषिद्ध ठरला.

येथे ‘ख्रिस्तपुराणा’विषयीचा सर्वांत कठीण प्रश्न उपस्थित होतो. सक्तीच्या छायेत जन्मलेला शब्द लोकांचा शब्द मानावा काय? हिरावून घेणाऱ्या व्यवस्थेनेच ते पुराण दिले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर ग्रंथकर्त्याच्या हेतूपेक्षा श्रोत्यांच्या वर्तनात शोधणे योग्य ठरेल. छापील तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे टिकले ते दक्षिण कानडा जिल्ह्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींत टिकले, आणि अशाच प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे आवृत्ती सिद्ध केली. सत्तेचा आश्रय गेल्यावर, देश सुटल्यावर, घरची भाषा कोकणी आणि भोवतालची कन्नड व तुळू असतानाही ज्यांनी ही मराठी पोथी जपली, त्यांच्यावर कोणाचीही सक्ती नव्हती. लादलेल्या धर्मातून आलेला शब्द त्यांनी स्वेच्छेने आपला केला होता. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून निघाली, तेव्हा मराठी वाचकाला ही पोथी त्याच्या लिपीत लाभली.

महाराष्ट्रातील दुसरी ख्रिस्ती परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, आणि तिचा प्रारंभ छापील शब्दाने झाला. विल्यम केरी याने सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. प्रॉटेस्टंट पंथात लोकभाषेतील ग्रंथाला सर्वोच्च मान असल्यामुळे लॅटिनचा अडसर येथे नव्हता. अडसर वेगळाच होता. भाषांतरातील वाक्ये मराठी शब्दांची असूनही त्यांचा श्वास मराठी नसे, आणि उपासनेतील गीते पुष्कळदा पाश्चात्त्य चालींवर बसविलेली असत. शब्दांचा अर्थ कळत होता, पण तो शब्द आतून बोलत नव्हता. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग जातींतील होते. त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नव्हते. भजन मात्र त्यांच्या परंपरेतच होते. नगरमध्ये कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी वळणाची गीते आणि कीर्तने यांची वाट पाडली होती. त्या वाटेवर १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. तिचा वाङ्मयीन अर्थ त्यांच्या अभंगांत आणि कीर्तनांत पाहावयास मिळतो. कीर्तनात पूर्वरंगाला तत्त्वनिरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. मध्ये श्रोते नामघोषात आवाज मिसळतात. चर्चमधील प्रवचन हे एकाने सांगावे आणि इतरांनी ऐकावे असे असते. कीर्तनात ऐकणारा काही क्षण बोलणाराही होतो. शब्दाची आध्यात्मिक शक्ती येथे वक्त्याकडून श्रोत्याकडे एकाच दिशेने वाहत नाही. दगडी भिंतींच्या चर्चमध्ये ज्याचा आवाज लाजत होता, तो टाळाच्या तालावर मोकळा झाला. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांची अडीचशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. एका कवीची इतकी गीते समाजाने नित्य उपासनेसाठी स्वीकारावी, ही घटना वाङ्मयीन मूल्यमापनापेक्षा निराळ्या कसोटीची आहे. १९१९ मध्ये ते निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. बालपणी अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीचे मराठीवरचे प्रभुत्व आधी ऐकलेल्या बोलांतून आलेले होते, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते वाक्यावाक्याला जाणवते.

स्टीफन्स आणि टिळक यांचा मार्ग एकच होता: ज्या रीतीने हा समाज पवित्र शब्द ऐकत आला, त्या रीतीनेच त्याला ख्रिस्ताचा शब्द ऐकवावा. या मार्गावर सर्वांत अधिकारी शंका घेतली ती पंडिता रमाबाईंनी. त्यांचा अधिकार अनुभवाचा होता. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडत पुराणे वाचून उदरनिर्वाह करीत असे, आणि रमाबाईंनीही देवळांच्या आवारात, नदीच्या घाटांवर पुराणे वाचली होती. लोक येत, ऐकत, वाचणाऱ्यापुढे दक्षिणा ठेवीत. श्रवणाने पुण्य लाभते ही श्रद्धा. पण संस्कृत पाठ बहुतेकांना कळत नसे आणि तो समजावून सांगण्याची आवश्यकता वाचणाऱ्यालाही भासत नसे. १९०७ मधील आपल्या निवेदनात त्यांनी हे सारे लिहिले आहे. ज्या श्रवणपरंपरेचा स्टीफन्सला आधार वाटला, तिची आतली पोकळी रमाबाईंनी उपाशी पोटी पाहिली होती.

त्यामुळे १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी उत्तर आयुष्यात बायबलचे भाषांतर हाती घेतले तेव्हा त्यांची कसोटी वेगळी होती. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा त्यांनी उतारवयात अभ्यासिल्या. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना समजत नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द मूळ अर्थ झाकून टाकतात, हा दुसरा. स्टीफन्सला वैकुंठ हा शब्द जवळचा वाटला तो ज्या कारणाने, त्याच कारणाने रमाबाईंना असे शब्द संशयास्पद वाटत. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा स्त्रियांच्या कानी पडणारा शब्द त्यांना त्याच वेळी कळला पाहिजे, मध्ये कोणी पुराणिक नसावा, असा त्यांचा कटाक्ष होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी भाषांतर पूर्ण झाले होते. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी ते छापले गेले.

परंतु अर्थाचा एवढा आग्रह धरणाऱ्या रमाबाईंच्याच मुक्तिसदनात १९०५ च्या जूनपासून जे घडले, त्याने शब्दाच्या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत, कोणी पापांची कबुली देत. पुढील दोन वर्षांत काहींच्या मुखातून न शिकलेल्या, अनाकलनीय भाषेतील उद्गारही निघाल्याचे वृत्तांत आहेत. व्याकरण आणि मूळ संहिता यांत बुडालेल्या रमाबाईंनी या उद्गारांचा निषेध केला नाही. मात्र प्रत्येक खऱ्या श्रद्धावंताला अशी वाणी लाभलीच पाहिजे, हा नियमही त्यांनी केला नाही. या संयमाचे महत्त्व मोठे आहे. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींना तोपर्यंतच्या आयुष्यात मोठ्याने बोलण्याची मुभाच नव्हती. सासरी, माहेरी, दुष्काळी छावणीत त्यांनी ऐकायचे आणि सोसायचे होते. त्यांच्या दृष्टीने उच्चारित शब्दाची पहिली शक्ती स्वतःचा आवाज स्वतःच्या कानी पडणे ही होती. अर्थाची बाब त्यानंतरची. रमाबाईंनी एका हाताने त्यांना समजेल असा ग्रंथ दिला आणि दुसऱ्या हाताने, समजण्यापलीकडचा त्यांचा उद्गार अडविला नाही.

या तीन उत्तरांत विसंगती आहे आणि ती मिटविण्याची आवश्यकता नाही. स्टीफन्सने शब्दाला श्रोत्याच्या ओळखीचा नाद दिला, टिळकांनी श्रोत्याला त्या नादात सहभागी केले, रमाबाईंनी त्या नादाकडून अर्थाचा हिशेब मागितला. तिघांच्याही मागे एकच दृढ समजूत आहे: पवित्र शब्दाचे सामर्थ्य बोलणाऱ्याच्या पदावर किंवा भाषेच्या प्राचीनतेवर अवलंबून नसून ऐकणाऱ्याला त्यात किती प्रवेश आहे, यावर ते अवलंबून आहे. रोमच्या चर्चने ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उपासनाविषयक संहिता संमत करून लोकभाषेला वेदीवर वाट दिली. साष्टीतील एका श्रोत्याने नेमके हेच गाऱ्हाणे साडेतीनशे वर्षांपूर्वी मांडले होते.

भाषांतराच्या इतिहासात सामान्यतः मूळ ग्रंथ आणि भाषांतरकार यांची नोंद होते. ऐकणारा बहुधा अनामिक राहतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्या अनामिकाला वगळता येत नाही. पुराण मागितले ते त्याने, बंदीच्या काळात आणि परमुलखात ते हातांनी उतरवून ठेवले ते त्याने, आणि केडगावच्या सदनात अखेर स्वतःच्या आवाजात प्रार्थना केली तीही त्याच्याच वंशातील एका स्त्रीने. ग्रंथकर्त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली, कारण या श्रोत्यांनी त्यांचे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले.